बुश नसते तर श्रोडर जिंकले असते का?

रेघोट्या

२२ सप्टेंबर २००२. जर्मनीत मतमोजणी चालू असतानाच बव्हेरियाचे मुख्यमंत्री आणि विरोधकांचे उमेदवार एडमुंड स्टॉयबर यांनी कॅमेऱ्यासमोर येऊन 'निवडणूक आपण जिंकली' असं जाहीर करून टाकलं. रात्र सरेपर्यंत चित्र पालटलं. दोन्ही मोठे पक्ष ३८.५ टक्क्यांवर अडकले आणि चान्सेलर गेरहार्ड श्रोडर यांचा सोशल डेमोक्रॅट पक्ष (एसपीडी) जेमतेम सहा हजार मतांनी पुढे राहिला. सहा कोटींहून जास्त मतदारांच्या देशात सहा हजार! ग्रीन पक्षाने ८.६ टक्के आणले म्हणून आघाडीचं सरकार वाचलं.

त्या उन्हाळ्यात श्रोडर यांच्यावर पैजेचे पैसे लावायला फारसं कोणी तयार नव्हतं. बेरोजगार चाळीस लाखांच्या घरात, आणि 'हा आकडा खाली आणता आला नाही तर पुन्हा निवडून यायची माझी लायकी नाही' अशा अर्थाचं हे गृहस्थ १९९८ साली स्वतःच बोलून बसलेले. मग ऑगस्टमध्ये दोन गोष्टी घडल्या. एल्बे नदीला महापूर आला, ड्रेस्डेनमध्ये पाणी शिरलं आणि चान्सेलरसाहेब गमबूट घालून चिखलात उतरले. दुसरी गोष्ट त्याच्या थोडी आधीची. ५ ऑगस्टला हॅनोव्हरच्या प्रचारसभेत त्यांनी सांगितलं की इराकसारख्या साहसात मी येणार नाही. २६ ऑगस्टला अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांनी नॅशव्हिलला भाषण करून सद्दामकडे महासंहारक शस्त्रं आहेत यात शंकाच नाही असं ठणकावलं. श्रोडर यांना याहून चांगला प्रचारक पैसे मोजूनही मिळाला नसता.

हा माणूस शांततावादी होता म्हणावं, तर तसंही नाही. १९९९ मध्ये कोसोव्होच्या युद्धात जर्मन विमानं त्याच्याच सरकारने पाठवली. नोव्हेंबर २००१ मध्ये दहशतवादविरोधी मोहिमेत सैन्य पाठवायला आघाडीतलेच लोक कुरकुरू लागले, तेव्हा त्याने त्या निर्णयाला विश्वासदर्शक ठराव जोडला आणि ३३६ मतांनी तरला. लागत होती ३३४. मग दहा महिन्यांत काय बदललं? इराकचं प्रकरण वेगळं होतं हे मान्य. पण मला वाटतं, त्याहून जास्त फरक पडला तो टेक्ससच्या एका माणसामुळे.

बुश यांच्याविषयीची नावड इराकच्या बरीच आधीची आहे. गव्हर्नर असताना त्यांच्या कारकिर्दीत १५२ जणांना मृत्युदंड दिला गेला, तेव्हापासून युरोपातली वर्तमानपत्रं त्यांच्यावर डूख धरून होती. मार्च २००१ मध्ये क्योटो करार झिडकारला. जूनमध्ये ते युरोपीय नेत्यांना भेटायला स्वीडनला आले तेव्हा गोथेनबर्ग पेटलं होतं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर सहानुभूतीची लाट आली आणि हे सगळं तात्पुरतं झाकलं गेलं. जानेवारी २००२ मध्ये इराक, इराण आणि उत्तर कोरियाला 'दुष्टांचा अक्ष' म्हणणारं ते भाषण झालं आणि झाकण उडालं.

आता माझा मुद्दा. नावडता परका नेता युद्धविरोध जन्माला घालत नाही. तो युरोपात आधीपासून आहेच. जर्मनीत तर प्रत्येक घरात १९४५ च्या आठवणी आहेत. असा नेता त्या भावनेला फक्त चेहरा देतो. चेहरा मिळाला की एरवी मोर्चाच्या वाटेला न जाणारा माणूसही फलक घेऊन निघतो, आणि राजकारण्याला मित्रदेशाशी उभा दावा न मांडता नुसत्या एका व्यक्तीशी भांडून मतं मिळवता येतात. प्यू या अमेरिकी संस्थेच्या २००३ च्या जनमत पाहणीत अमेरिकेबद्दल वाईट मत असलेल्यांना विचारलं होतं, अडचण बुश यांची की एकूण अमेरिकेची? फ्रान्स आणि जर्मनीत सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी बुश यांच्याकडे बोट दाखवलं.

याला दोन मर्यादा. एक, चेहरा गेला की गर्दीही पांगते. ओबामांनी १ डिसेंबर २००९ ला अफगाणिस्तानात आणखी ३०,००० सैनिक पाठवायची घोषणा केली आणि १० डिसेंबरला ऑस्लोत शांततेचं नोबेल घेतलं. युरोपात लाखोंचे मोर्चे काही निघाले नाहीत. दोन, गर्दी कितीही मोठी असो, तिला सत्तेच्या दाराशी नेणारा मोठा पक्ष लागतो. जर्मनीत तो होता. ब्रिटनमध्ये नव्हता, म्हणून लंडनमध्ये विक्रमी मोर्चा निघूनही महिन्याभरात ब्रिटिश फौजा बसऱ्याच्या रस्त्याला लागल्या.

त्या काळात तिकडे राहिलेली मंडळी इथे आहेत. लिहा.

तिरकस

निकालानंतर बुश यांनी श्रोडरना अभिनंदनाचा फोन केला नव्हता म्हणे. बरोबरच आहे. स्वतःच निवडून आणलेल्या माणसाचं काय अभिनंदन करायचं? :)

मीठभाकर

चांगला धागा. वाचतेय. स्पेनवर लिहायचं आहे, रात्री लिहिते.

बर्लिनवाला बाबू

रेघोट्या, पुराचं श्रेय तुम्ही दोन ओळींत उरकलंत. त्या वेळी मी शिकायला पूर्व जर्मनीत होतो. पूर नसता तर नुसत्या इराकवर हा माणूस जिंकला नसता असं तिथले लोक आजही सांगतात. पण पूर्वेकडेच इराकचा मुद्दाही जास्त चालला, हे लक्षात घ्या. तिथे पीडीएस हा जुन्या कम्युनिस्टांचा पक्ष युद्धविरोधाचा ठेकेदार होता. मे २००२ मध्ये बुश बर्लिनच्या संसदेत भाषण करत असताना पीडीएसच्याच काही खासदारांनी सभागृहात फलक फडकवला होता. सप्टेंबरात त्या पक्षाला ४ टक्के मिळाले, पाचची अट हुकली. त्यांची बरीच मतं श्रोडर घेऊन गेले. म्हणजे युद्धविरोधी मतं वाढली किती आणि नुसती एका खिशातून दुसऱ्या खिशात गेली किती, हा हिशेब वेगळा मांडायला हवा.

ग्रीन पक्षाची कथा तर याहून रंगतदार. योश्का फिशर परराष्ट्रमंत्री. मे १९९९ मध्ये बीलेफेल्डच्या अधिवेशनात कोसोव्होवरून चिडलेल्या आपल्याच लोकांपैकी एकाने त्यांच्या कानशिलावर लाल रंगाची पिशवी फोडली, कानाचा पडदा दुखावला. तेच फिशर ८ फेब्रुवारी २००३ ला म्युनिकच्या सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड समोर बसलेले असताना मध्येच इंग्रजीत शिरले आणि म्हणाले, माफ करा, मला पटलेलं नाही. रातोरात पक्षाचे लाडके झाले. चार वर्षांत भूमिका बदलली ती फिशर यांची की पक्षाची, यावर इथले ग्रीनवाले अजून वाद घालतात. समोरचा माणूस क्लिंटन ऐवजी बुश होता, एवढं मात्र नक्की.

आणि एक गोष्ट जर्मन लोक सांगत नाहीत. सरकार युद्धाच्या विरोधात होतं म्हणजे काय होतं? रामश्टाइनचा अमेरिकी हवाई तळ चालूच होता. अमेरिकी विमानांना हवाई हद्द खुली होती. अमेरिकी तळांच्या फाटकांवर पहारा द्यायला जर्मन सैनिक उभे केले, म्हणजे अमेरिकी सैनिकांना आखातात जाता यावं. जर्मन गुप्तचर खात्याची दोन माणसं युद्धाच्या वेळी बगदादमध्येच होती, हे २००६ मध्ये बाहेर आलं तेव्हा चौकशी समिती बसली. तुमच्या 'एका व्यक्तीशी भांडण' या मुद्द्याला हे पूरक आहे. व्यक्तीशी भांडले, करार सगळे पाळले.

तिरकस

यालाच आमच्याकडे तोंडदेखला विरोध म्हणतात बाबूराव.

बर्लिनवाला बाबू

तोंडदेखला म्हणू नका. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत जर्मनी तेव्हा सदस्य होता. फ्रान्सबरोबर ठाम उभा राहिला नसता तर युद्धाला मंजुरी देणाऱ्या दुसऱ्या ठरावासाठी मतांची जुळवाजुळव बहुधा झाली असती. सैन्य पाठवलं नाही हीसुद्धा लहान गोष्ट नाही.

थेम्सकाठची

१५ फेब्रुवारी २००३ च्या मोर्चात मी होते. थंडी मरणाची होती आणि हाइड पार्कपर्यंत पोचायला तासन्‌तास लागले. पोलिसांनी साडेसात लाखांचा अंदाज दिला, आयोजकांनी त्याच्या दुप्पट-तिप्पट सांगितला. मला आकड्यापेक्षा माणसं आठवतात. ऑफिसातल्या हिशेबनीस बाई, ज्यांनी आयुष्यभर हुजूर पक्षाला मत दिलं होतं, त्या नातवाला घेऊन आल्या होत्या. फलकांवर ब्लेअर यांच्या डोक्यावर चहाचा कप आणि खाली 'चहा करा, युद्ध नको'. बुश यांची चित्रं तर विचारूच नका. माकडापासून गुराख्यापर्यंत सगळं होतं.

रेघोट्या, तुमचं विश्लेषण ब्रिटनपुरतं पटतं, पण त्यात एक दुखरी जागा राहिली. आमचा राग दोघांवर होता. बुश परके, त्यांना आपण निवडलेलं नाही. ब्लेअर आपले, आणि ते त्या परक्याच्या मागे शेपूट हलवत चाललेत. 'पूडल' (मालकाच्या मागे फिरणारं लाडकं कुत्रं) हा शब्द तेव्हा रोज कानावर पडायचा. परका नेता नावडता असला की त्याच्याशी दोस्ती करणाऱ्या आपल्या नेत्याची मानहानी दुप्पट होते. त्या सकाळी ब्लेअर ग्लासगोला पक्षाच्या परिषदेत होते. मोर्चा तिथेही होता, म्हणून भाषणाची वेळ अलीकडे ओढून ते मोर्चेकरी पोचायच्या आत बोलून गेले.

संसदेत १८ मार्चला मजूर पक्षाच्या १३९ खासदारांनी बंड केलं. रॉबिन कुक आदल्या दिवशीच मंत्रिपद सोडून बाहेर पडले होते. पण हुजूर पक्ष सरकारच्या बाजूने, त्यामुळे ठराव ४१२ विरुद्ध १४९ असा सहज पास. चार्ल्स केनेडी यांचा लिबरल डेमोक्रॅट पक्ष तेवढा आमच्या बाजूने होता. केनेडी हाइड पार्कमध्ये बोललेही. सप्टेंबर २००३ मध्ये ब्रेंट ईस्टची पोटनिवडणूक त्यांनी मजूर पक्षाच्या हातून हिसकावली. २००५ ला त्यांच्या ६२ जागा आल्या. ब्लेअर मात्र अवघ्या ३५ टक्के मतांवर तिसऱ्यांदा पंतप्रधान! आपल्यासारखीच इकडची निवडणूक पद्धत, सर्वाधिक मतं मिळाली की सीट खिशात. जर्मनीसारखी प्रमाणशीर पद्धत असती तर काय झालं असतं, याचा विचार मनातून जात नाही.

विदर्भातला गडी

इतकं कायले मनावर घेता बे. आपल्याकडे तं बुश लय लोकप्रिय होते. मनमोहनसिंगांनी तं २००८ मध्ये व्हाइट हाउसात जाऊन सांगितलं की भारतीय लोकायचं तुमच्यावर लय प्रेम आहे. अणुकराराच्या टायमाले.

बखरकार

@विदर्भातला गडी: आणि तरीही आपल्या संसदेने एप्रिल २००३ मध्ये इराकवरच्या हल्ल्याचा एकमताने निषेध केला होता, आणि जुलैमध्ये वाजपेयी सरकारने सैन्य पाठवायला नकार दिला. नेता आवडणं आणि त्याचं युद्ध आवडणं या दोन गोष्टी एका खात्यात जमा होत नाहीत. असो, धागा युरोपचा आहे.

मूळ मुद्द्याकडे. रेघोट्या यांनी २००२-०३ घेतलं, पण याची पहिली आवृत्ती १९८१-८३ मध्ये येऊन गेली होती आणि तिचा निकाल उलटा लागला. पश्चिम युरोपात १०८ पर्शिंग-२ आणि ४६४ क्रूझ क्षेपणास्त्रं बसवायचा निर्णय नाटोने १२ डिसेंबर १९७९ ला घेतला. तेव्हा अमेरिकेत अध्यक्ष कोण? जिमी कार्टर. आणि सोव्हिएत एसएस-२० क्षेपणास्त्रांमुळे तोल बिघडतोय हे १९७७ मध्ये लंडनच्या भाषणात सांगून चर्चेला तोंड फोडलं कोणी? हेल्मुट श्मिट यांनी, म्हणजे खुद्द जर्मन चान्सेलरने. रीगन यांचा त्या निर्णयाशी सुतराम संबंध नव्हता.

पण सगळी बोटं गेली ती रीगन यांच्याकडे. कार्टर असताना कुरबुर होती. रीगन आले आणि ऑक्टोबर १९८१ मध्ये, रणांगणावर मर्यादित अण्वस्त्रं वापरली गेली तरी दोन्ही महासत्तांपैकी कोणी बटण दाबेलच असं नाही, असं काहीतरी बोलून गेले. युरोपीय माणसाने त्याचा सरळ अर्थ काढला: रणांगण म्हणजे आपलं अंगण. त्याच महिन्यात बॉनच्या हॉफगार्टनमध्ये तीन लाख लोक जमले. जून १९८२ मध्ये रीगन बॉनला आले तेव्हा त्याहून जास्त. ऑक्टोबर १९८३ मध्ये श्टुटगार्ट ते नॉय-उल्म अशी शंभराहून अधिक किलोमीटरची मानवी साखळी. हेगमध्ये साडेपाच लाख. इंग्लंडमध्ये ग्रीनहॅम कॉमनच्या तळाबाहेर बायकांनी छावणी टाकली ती कित्येक वर्षं उठलीच नाही.

निवडणुकांचं काय झालं? मार्च १९८३, जर्मनीत हेल्मुट कोल ४८.८ टक्के. जून १९८३, ब्रिटनमध्ये थॅचर प्रचंड बहुमताने. अण्वस्त्रत्यागाचा जाहीरनामा घेऊन उभा राहिलेला मजूर पक्ष भुईसपाट. नोव्हेंबरमध्ये बुंडेस्टागने क्षेपणास्त्रांना मंजुरी दिली आणि ती आलीसुद्धा. चेहरा तितकाच नावडता, रस्ते तितकेच भरलेले. मग २००२ ला जमलं ते १९८३ ला का जमलं नाही? माझं उत्तर: कारण तेव्हा दुसरा चेहरा होता. ब्रेझनेव्ह, मग आंद्रोपोव्ह. दोनशे किलोमीटरवर सोव्हिएत रणगाडे उभे असताना जर्मन मतदार मोर्चात जाऊन ओरडायचा आणि मतपेटीपाशी आल्यावर घाबरायचा. २००२ मध्ये सद्दामचा धाक हँबुर्गमधल्या कोणालाच वाटत नव्हता, त्यामुळे बुश यांना नाही म्हणणं फुकट पडत होतं.

एक गोष्ट मात्र १९८३ ने दिली. ग्रीन पक्ष ५.६ टक्क्यांनी पहिल्यांदा बुंडेस्टागमध्ये शिरला. वर बाबूंनी ज्या फिशर यांची गोष्ट सांगितली ते त्याच तुकडीत निवडून आलेले.

रेघोट्या

बखरकार, दंडवत. 'फुकट पडत होतं' हे माझ्या दोन मर्यादांच्या वरची तिसरी मर्यादा आहे आणि तीच बहुधा सगळ्यात महत्त्वाची.

निळी शाई

मला मूळ मांडणीच पटलेली नाही. 'चेहरा गेला की गर्दी पांगते' म्हणता. मग ही दोन उदाहरणं कुठे बसवाल?

फेब्रुवारी २०१०. नेदरलँड्सचं सरकार पडलं. कारण? अफगाणिस्तानातल्या उरुझगान प्रांतात डच सैन्याचा मुक्काम वाढवायला सरकारमधल्याच डच मजूर पक्षाने नकार दिला. तेव्हा व्हाइट हाउसमध्ये ओबामा, ज्यांच्यावर युरोप फिदा होता.

२९ ऑगस्ट २०१३. सीरियावर कारवाईचा कॅमेरन सरकारचा ठराव ब्रिटिश संसदेने २८५ विरुद्ध २७२ ने फेटाळला. तेव्हाही ओबामाच.

म्हणजे आवडता नेता असतानाही युरोपीय संसदांनी नाही म्हटलं, आणि नावडता असताना ब्रिटिश संसदेने हो म्हटलं. मग नेत्याच्या चेहऱ्याने नेमकं काय ठरवलं?

रेघोट्या

रस्ता आणि सभागृह वेगळे करू. २०१३ मध्ये लंडनच्या रस्त्यावर कितीसे लोक होते? २००३ च्या पासंगालाही पुरणार नाहीत. तरी ठराव पडला. का पडला ते कॅमेरन यांनी त्याच चर्चेत सांगून टाकलं: इराक प्रकरणाने जनमताची विहीर विषारी करून ठेवली आहे. खासदारांच्या डोळ्यांसमोर २००३ ची गर्दी होती आणि ब्लेअर यांचं पुढे काय झालं तेही होतं. बुश यांना जाऊन साडेचार वर्षं झाली होती, तरी मत त्यांच्यामुळेच पडलं असं मी म्हणेन. चेहरा गर्दी जमवतो ती थोडा काळ टिकते. तिची धास्ती राजकारण्यांच्या मनात दशकभर टिकते.

नेदरलँड्सचं उदाहरण मात्र माझ्या चौकटीत बसत नाही. तिथे पुढच्या निवडणुकांवर डोळा, आघाडीतली जुनी भांडणं, आणि आधी 'परत आणू' म्हणून दिलेला शब्द, असं सगळं होतं. परक्या नेत्याचा त्यात काही वाटा दिसत नाही.

निळी शाई

धास्तीचा मुद्दा पटला. इराक युद्धाच्या ब्रिटिश चौकशीच्या, म्हणजे चिल्कॉट अहवालातली ती ब्लेअर यांची जुलै २००२ ची चिठ्ठी आठवते, 'काहीही झालं तरी मी तुमच्याबरोबर'. ती २०१६ मध्ये उघड झाली तेव्हाही लोक कालच घडल्यासारखे चिडले होते. युद्धविरोधी संघटनेचे जुने अध्यक्ष जेरेमी कॉर्बिन त्याच्या आदल्या वर्षी मजूर पक्षाचे नेते झाले, त्यातही ही जुनी आग होतीच.

मीठभाकर

स्पेन. लोक सरळ सांगतात, पंतप्रधान अझनार यांनी बुशना साथ दिली, म्हणून मार्च २००४ मध्ये त्यांचा पक्ष हरला. हे अर्धवट आहे.

मोर्चे प्रचंड होते. बार्सिलोना, माद्रिद, जिकडेतिकडे. १ फेब्रुवारी २००३ ला गोया चित्रपट पुरस्कारांच्या सोहळ्यात नट-नट्यांनी 'युद्ध नको'चे बिल्ले लावून मंच ताब्यात घेतल्यासारखाच केला होता. दहातले नऊ लोक युद्धाच्या विरोधात होते. अझनार यांचा टेबलावर पाय टाकून बुश यांच्या शेजारी बसलेला फोटो अजूनही स्पॅनिश माणसाला डिवचतो. १६ मार्चला अझोर्स बेटांवर बुश-ब्लेअर-अझनार यांची बैठक झाली, तो फोटो तर शाळेतल्या मुलांनाही माहीत.

पण मे २००३ च्या स्थानिक निवडणुकांत त्यांच्या पीपी पक्षाचं पानिपत झालं का? नाही. माद्रिद शहर त्यांच्याकडेच राहिलं. २००४ च्या सुरुवातीला पाहण्यांत ते पुढे होते. अझनार स्वतः उभे नव्हते, राहोय होते. मग ११ मार्चला माद्रिदच्या अतोचा स्टेशनच्या दिशेने जाणाऱ्या लोकल गाड्यांत स्फोट झाले, १९० हून अधिक माणसं गेली. कामावर निघालेली साधी माणसं, त्यात परदेशातून पोटासाठी आलेले कितीतरी. सरकार तीन दिवस 'एटानेच (बास्क फुटीरवादी संघटनेनेच) केलं' असं सांगत राहिलं आणि पुरावे भलतीकडे बोट दाखवत राहिले. १३ तारखेला रात्री पीपीच्या कचेरीसमोर लोक जमले ते एकमेकांना एसएमएस पाठवून, शेवटी 'पुढे पाठवा' लिहिलेले. १४ ला मतदान, सोशलिस्ट ४२.६, पीपी ३७.७.

म्हणजे वर्षभर युद्धविरोध होता पण तो घरी बसून होता. खोटं बोलल्याचा संशय आला तेव्हा तो बाहेर पडला. सोशलिस्ट नेते सापातेरो यांनी ऑक्टोबर २००३ च्या संचलनात अमेरिकी झेंडा समोरून जाताना उभं राहायचं नाकारलं होतं आणि निवडून आल्यावर महिन्याभरात सैन्य परत बोलावलं. रेघोट्यांच्या भाषेत, दार उघडणारा पक्ष तयार होता. पण लोकांना दारापर्यंत नेलं ते बुश यांनी नव्हे, अझनार यांच्याच गृहमंत्र्याने.

थेम्सकाठची

मीठभाकरताई, फार छान लिहिलंत. शेवटच्या परिच्छेदाला +१.

तिरकस

परक्या नेत्याला हरवायला थेट त्याच्या मतदारांकडे गेलं की काय होतं, याचाही किस्सा सांगून ठेवतो. ऑक्टोबर २००४ मध्ये लंडनच्या 'गार्डियन'ने आपल्या वाचकांना ओहायो राज्यातल्या क्लार्क काउंटीच्या मतदारांना पत्रं लिहायला सांगितली. विषय अर्थात बुश यांना पाडा. तिकडून जी उत्तरं आली त्यातली काही छापण्यासारखी नव्हती. २००० मध्ये ही काउंटी गोर यांच्या बाजूने गेली होती, २००४ मध्ये बुश यांच्या. तुमची नावड तुमच्याकडेच ठेवा, असा निरोप.

आणि अल्बानिया विसरू नका. जून २००७ मध्ये बुश तिथे गेले तर लोक हात मिळवायला झोंबत होते. पुढे पुतळाही उभारला. युरोप युरोप करता, पण कोसोव्होत ज्यांच्या भाऊबंदांना अमेरिकेने सोडवलं त्या अल्बेनियनांचा युरोप वेगळा.

बर्लिनवाला बाबू

पोलंडही बघा. ३० जानेवारी २००३ ला आठ नेत्यांनी अमेरिकेच्या पाठिंब्याचं पत्र छापलं, त्यात पोलंडचे पंतप्रधान होते, हंगेरीचे होते, पदावरून जायला निघालेले चेक अध्यक्ष हावेलही होते. बहुतेक पोलिश जनतेला इराकचं युद्ध नको होतं, पण वॉर्साच्या रस्त्यावर लाखोंचा मोर्चा निघाला नाही. अमेरिकेचा अध्यक्ष तिथे रशियापासून वाचवणारा माणूस. तेव्हा फ्रान्सचे अध्यक्ष शिराक चिडून म्हणाले की या देशांनी गप्प बसायची चांगली संधी गमावली. पूर्वेकडचे लोक ते वाक्य विसरलेले नाहीत.

विदर्भातला गडी

मंग आता ट्रम्पचं काय? तो तं बुशपेक्षाही नावडता. मोर्चे कुठी आहेत?

बर्लिनवाला बाबू

तेच लिहायला आलो होतो. बर्लिनमधला एकच रस्ता धरतो, ब्रांडेनबुर्ग दरवाजापासून विजयस्तंभापर्यंतचा. १४ सप्टेंबर २००१: दोन लाख लोक, अमेरिकेच्या दुःखात सामील व्हायला. १५ फेब्रुवारी २००३: पाच लाख, बुश यांच्या युद्धाविरुद्ध. २४ जुलै २००८: दोन लाख, ओबामांना बघायला, तेही अजून नुसते उमेदवार असताना. २७ फेब्रुवारी २०२२: लाखाहून जास्त, युक्रेनसाठी. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच दरवाजापाशी डाव्या नेत्या सारा वागेनक्नेश्ट यांनी 'शस्त्रं पाठवू नका' म्हणून सभा घेतली तेव्हा पोलिसांच्या हिशेबाने तेरा हजार.

आता नावड आहेच, पण ती उलट दिशेला वळली आहे. १४ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचे उपाध्यक्ष व्हान्स यांनी म्युनिकमध्ये युरोपलाच झापलं. २८ तारखेला झेलेन्स्की यांचा ओव्हल ऑफिसात झालेला अपमान सगळ्या जगाने पाहिला. १८ मार्चला बुंडेस्टागने संविधान बदलून संरक्षणखर्चाला कर्जमर्यादेतून मोकळीक दिली. ५१३ मतं, त्यात ग्रीन पक्षही! २००३ मध्ये अमेरिकी अध्यक्ष नकोसा झाला म्हणून जर्मन माणूस 'युद्ध नको' म्हणत होता. २०२५ मध्ये अमेरिकी अध्यक्ष नकोसा झाला म्हणून तोच माणूस 'मग आपली शस्त्रं आपणच घेऊ' म्हणतोय. फेब्रुवारीतल्या निवडणुकीच्या रात्रीच ती जिंकलेले मेर्त्स म्हणाले होते की अमेरिकेपासून स्वतंत्र व्हायला हवं. शांततेचा फलक आता एएफडी हा कडवा उजवा पक्ष आणि वागेनक्नेश्ट बाईंच्या हातात. बाईंचा पक्ष त्या निवडणुकीत ४.९८ टक्क्यांवर अडकला.

बखरकार

म्हणजे १९८३ चंच गणित. शेजारी पुतिन असताना नाही म्हणणं फुकट पडत नाही.

मीठभाकर

पण स्पेनमध्ये अजून पडतं. जून २०२५ मध्ये हेगला नाटोच्या सगळ्यांनी संरक्षणावर जीडीपीच्या पाच टक्के खर्चाचं उद्दिष्ट मान्य केलं, आमचे पंतप्रधान सांचेझ यांनी मात्र आम्हाला इतकं जमणार नाही असं आधीच सांगितलं. ट्रम्प यांनी जकातीची धमकी दिली. रशियापासून माद्रिद किती लांब आहे ते नकाशात बघा. शिवाय सांचेझ यांच्या मागे भ्रष्टाचाराची प्रकरणं लागलेली. घरात अडचण असलेल्या पुढाऱ्याला नावडता परका पाहुणा नेहमीच सोयीचा.

रेघोट्या

मीठभाकर, तुमच्या शेवटच्या वाक्याला श्रोडर यांचे चाळीस लाख बेरोजगार जोडून वाचतोय. पोर्तुगालवर कोणी लिहील का? अझोर्सच्या बैठकीचे यजमान तिथलेच पंतप्रधान, बारोसो. त्यांचं मात्र काहीच बिघडलं नाही, उलट पुढच्या वर्षी युरोपीय आयोगाचे अध्यक्ष होऊन ब्रसेल्सला गेले.

थेम्सकाठची

माझ्या ऑफिसात एक लिस्बनचे गृहस्थ आहेत, सोमवारी विचारून लिहिते.